पांढऱ्याचा बाप

काचघराच्या छताला कुठेतरी एक सैल पट्टी वाऱ्याने वाजत होती, आणि ती थांबली की शांतता आणखी जवळ येऊन उभी राहत होती. लाकडी फळीवर चाळीस रोपांचा ट्रे. चाळीसही रोपं फुललेली, चाळीसही पांढरी. त्या पांढऱ्याभोवती तिघं जण उभे होते: आफ्ये, तिचे वडील सीमन, आणि पलीकडच्या काचघराचे मालक नानिंगकाका, जे मे महिन्यापासून गावभर सांगत फिरत होते की सीमनचा नवा पांढरा पेट्युनिया मुळात त्यांच्याकडून चोरलेला आहे.

ऑक्टोबरातला शनिवार होता. बांधापलीकडच्या पाण्यावरून येणारा उजेड काचांतून गाळून आत उतरत होता, करडा आणि थोडा ओलसर. आफ्येला त्या फुलांकडे पाहवत नव्हतं. दुसरीकडे पाहावं तर समोर वडिलांचा चेहरा होता.

"बोल की लेका," शेवटी नानिंगकाकाच म्हणाले. "तीस वर्षं तुझं तोंड बंद करायला बघतोय मी. आज एका ट्रेनं केलं होय?"

सीमननी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर घातली. "पांढरी आहेत," ते म्हणाले.

"मला मोतीबिंदू झालाय, पण इतका नाही."

ही परीक्षा जूनमध्ये आफ्येनेच सुचवली होती. सहा वर्षं ती अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात पेट्युनियाच्या रंगाची जनुकं शोधत होती. पाकळीतला जांभळा रंग एका झटक्यात तयार होत नाही. माल एका हातातून दुसऱ्या हातात जावा तसा तो पायरीपायरीने घडतो, आणि प्रत्येक पायरीवर एक जनुक राबत असतं. शिवाय या राबणाऱ्यांवर मुकादमासारखी काही जनुकं असतात; त्यांचा हुकूम सुटला तरच बाकीची कामाला लागतात. राबणारं एखादं मोडो की हुकूम देणारं, फूल पांढरंच उमलतं. बाहेरून सगळे पांढरे सारखे दिसतात, जसे वेगवेगळ्या कारणांनी गप्प बसलेले लोक एका बाकावर सारखे दिसतात. पण दोन पांढऱ्यांचा संकर केला की त्यांच्या पोरांना बोलावं लागतं. आईत एका जनुकाची जागा मोडलेली आणि बापात दुसऱ्याची असेल, तर दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात आणि पोरं जांभळी निघतात. दोघांत एकच जागा मोडलेली असेल, तर भरून काढायला कोणाकडेच काही नसतं, पोरंही पांढरी.

"म्हणजे जांभळी निघाली तर तुझा बाप साव, पांढरी निघाली तर चोर," नानिंगकाकांनी तेव्हा निकाल काढला होता. "सोपं आहे. रविवारी चर्चमध्ये याहून अवघड सांगतात."

ते इतकं सोपं नव्हतं. एकच जागा दोन काचघरांत, एकमेकांच्या नकळत, आपापली मोडू शकते. आफ्येने तसं सांगितलंही होतं. पण तोवर दोघं म्हातारे गुरांच्या बाजारात ठरवतात तसे हातावर हात मारून मोकळे झाले होते. पांढरी निघाली तर वाणाच्या नोंदणीच्या अर्जावर नानिंगकाकांचं नाव आधी. जांभळी निघाली तर फुलांच्या लिलावघरातल्या कॉफीच्या खोलीत, सगळ्यांदेखत, नानिंगकाकांनी आपला शब्द मागे घ्यायचा.

आई नानिंगकाकांचं रोप, बाप सीमनचं. संकर आफ्येच्या हातचा. कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी ती अलगद फाडून चिमट्याने पाचही पुंकेसर काढले, सीमनच्या फुलातला पराग लावला, देठाला लाल दोरा बांधला, आणि लेबलावर रिवाजाप्रमाणे आधी आईचं नाव लिहिलं, मग बापाचं. बोंडं पिकली तोवर ती अ‍ॅमस्टरडॅमला परतली होती. बी काढलं आणि पेरलं सीमननी, कारण नानिंगकाकांना झाऱ्याची धारसुद्धा धड दिसत नव्हती. "पेर तूच," ते म्हणाले होते. "दुसरीच कुठली जांभळी आणून लावशील तर माझी झालर कुठून आणशील?" त्यांच्या पांढऱ्याची कड झालरीसारखी लहरत जाई, सीमनच्या पांढऱ्याची कड सरळ, ताटाच्या काठासारखी. झालर काढून टाकली की माल आपला होतो, असं सीमनला वाटतं, असा नानिंगकाकांचा दावा होता. चोरलेल्या सायकलची घंटी बदलावी तसं.

"ठीक आहे," सीमन आता म्हणाले. "घाल तुझं नाव आधी. अर्ज मार्चअखेर जाईल."

नानिंगकाका भांडणाच्या तयारीने आले होते. दार ढकलायला जावं आणि ते आधीच उघडं असावं, तसा त्यांचा तोल गेला. ते ट्रेवर वाकले आणि एकेका पाकळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"पण पोरं बघ," ते मोठ्याने म्हणाले, "सगळी तुझ्यावरच गेलीत, सीमन. गुळगुळीत. माझी एक झालर उचलली नाही कोणी!"

ते हसले. सीमन हसले नाहीत.

आफ्ये दचकून ट्रेवर वाकली. तिने फुलं मोजली नाहीत, तिने कडा मोजल्या. चाळीसांत एकही झालर नव्हती. आणि झालर ही दबून राहणारी गोष्ट नाही. आईकडे असली तर निदान निम्म्या पोरांत ती दिसायलाच हवी. तिची स्वतःची चूक झाली असती, उन्हाने पुंकेसर आधीच फुटून नानिंगकाकांच्या फुलाने स्वतःचाच पराग घेतला असता, तरीही ट्रेमध्ये झालरीच जास्त लहरल्या असत्या. आपला हात चुकला नाही, या सुटकेचं समाधान एका श्वासापुरतं टिकलं. लेबलावर तिच्या अक्षरात ज्या आईचं नाव होतं, ती या पोरांची आई नव्हती. हे सीमनच्या पांढऱ्याचं स्वतःचंच बी होतं. कोणीतरी आधीची रोपं काढून ट्रेमध्ये ही लावली होती.

"चला, कॉफी घेऊ," वडील म्हणाले.

*

संशयाला बसायला आधी सोयीची जागा लागते. आफ्येने तो नानिंगकाकांच्या अंगणात नेऊन बसवला. पांढऱ्या निकालाचा फायदा त्यांनाच होता, आणि अर्धा उन्हाळा ते इकडे ये-जा करत होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती त्यांच्याकडे गेली. ते स्वयंपाकघरात एकटेच राय धान्याच्या पावावर चीजचे पातळ काप रचत बसले होते, डोळ्यांपेक्षा बोटांनी.

"ये पोरी. हरलेल्याची मुलगी जिंकलेल्याच्या घरी. बापाला विचारून आलीस का?"

"काका, त्या ट्रेला तुम्ही हात लावला होता?"

चाकू थांबला. "काल लावला. तुझ्यासमोर."

"त्याआधी?"

"अच्छा." त्यांनी चाकू बाजूला ठेवला. "म्हणजे झालर तुलाही दिसली नाही. मला वाटलं, विद्यापीठात फक्त पुस्तकातली फुलं बघतात."

"तुम्हाला कळलं होतं?"

"डोळे गेलेत गं, अंगठे नाही. मुद्दाम मोठ्यानं बोललो. म्हटलं बघू, दोघांपैकी दचकतं कोण."

"कोण दचकलं?"

"तू."

"आणि बाबा?"

नानिंगकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे त्यांना काही दिसत असेल असं नव्हतं. "तुझा बाप हरला की कसा असतो, ठाऊक आहे ना? त्रेसष्टच्या हिवाळ्यात बर्फावरच्या शर्यतीत मी त्याला मागं टाकलं, तर ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलला नाही. चर्चमध्ये बाकडं बदललं त्यानं. आणि काल? काल मला कॉफी पाजली. वर बिस्किटं दिली. दोन! एरवी एक दिलं की झाकण लावतो, काल डबा उघडाच ठेवला होता टेबलावर." त्यांनी मान हलवली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा."

"पण स्वतःच्या विरुद्ध खोटा पुरावा कोण तयार करेल?"

"तेच तू शोध. शिकलीस कशाला मग?" ते उठले, भिंतीच्या आधाराने काचघरात गेले आणि आपल्या झालरवाल्या पांढऱ्याचे तीन शेंडे खुडून ओल्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. "काय निघेल ते मला कळलं पाहिजे. कागदावर नाव माझं लागणार आहे. दुसऱ्याचं पोर माझ्या नावावर नको."

वडिलांच्या रोपाचे शेंडे तिने न विचारता घेतले. संध्याकाळी ते पाइप पेटवायला बांधाकडे गेले होते, तेव्हा. खुडल्याचा आवाज किती बारीक असतो, हे तिला त्या वेळी प्रथम ऐकू आलं. आयुष्यभर हजारो शेंडे खुडलेल्या तिच्या बोटांना प्रथमच असं वाटलं की आपण चोरी करतो आहोत.

*

अ‍ॅमस्टरडॅमचा हिवाळा काचेमागे गेला. शेंड्यांना मुळं फुटली, कृत्रिम उजेडात कळ्या आल्या, आणि आफ्येने जूनचा संकर पुन्हा केला; या वेळी बी काढलं तिने, पेरलं तिने, आणि काचघराची किल्ली गळ्यात ठेवली. त्याच दिवशी तिने आणखी एक काम केलं, ज्याला तेव्हा ती सवय म्हणाली. प्रयोगशाळेत चार पांढऱ्या जाती होत्या. कुणात कोणती जागा मोडलेली आहे ते नेमकं माहीत असलेल्या. नवा पांढरा हाती आला की तो या चारांशी जुळवून बघायचा, अशी तिथली रीत होती. तिने वडिलांचा पांढरा चौघांशी जुळवला.

जानेवारीअखेर पहिली कळी उमलली. नानिंगकाकांच्या पांढऱ्याची आणि सीमनच्या पांढऱ्याची लेक: गर्द जांभळी, आणि कडेला झालर. मग दुसरी, मग पाचवी, मग सगळा ट्रे जांभळा झाला, निम्म्यांना झालर, निम्म्यांना नाही, जसं असायला हवं तसं. दोन पांढरे दोन वेगळ्या जागी मोडलेले होते. वडिलांनी नानिंगकाकांकडून काहीही घेतलेलं नव्हतं.

ती धावत खाली टेलिफोनपाशी गेली. क्रमांकाचे चार आकडे फिरवून झाले, आणि पाचव्या आकड्याला तिचं बोट तबकडीच्या भोकात तसंच राहिलं. ज्याला आपण निर्दोष आहोत हे ठाऊक आहे, तो माणूस आपलं निर्दोषपण मातीत का पुरून टाकेल? तिने फोन ठेवला.

उत्तर नऊ दिवसांनी फुललं. पहिल्या तीन जातींबरोबरची पोरं जांभळी. चौथीबरोबरची पांढरी. एक नाही, दोन नाही, सगळीच.

चौथीत मुकादम मोडलेला होता. तिच्या पाकळीत राबणारी सगळी जनुकं धड होती, हजर होती, फक्त त्यांना कोणी हाक मारत नव्हतं. आफ्येच्या प्राध्यापिकाबाईंनी आठ वर्षं खपून ती जात शुद्ध केली होती. तिचं बी सहीशिवाय कपाटाबाहेर जात नसे. कपाटाच्या नोंदवहीत चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एकच सही होती. आफ्येची.

तिला तो आठवडा आठवला. सिंटरक्लासचा, भेटवस्तूंचा सण, घरात मसाल्याच्या बिस्किटांचा वास, आणि ती पिशवीत एक पाकीट घेऊन गेली होती, केवळ मिरवायला. बाबा, हा असा पांढरा आहे की यात सगळं आहे आणि काहीच घडत नाही. वडिलांनी पाकीट उजेडाकडे धरलं होतं. "हे अजून कोणी विकत नाही?" त्यांनी विचारलं होतं, आणि ती हसली होती. पाकीट तिने परत आणलं होतं. त्याबद्दल तिला खात्री होती. पण पेट्युनियाचं बी धुळीएवढं असतं. चिमूटभर गेलं तरी पाकीट हलकं होत नाही.

आता सगळे तुकडे एका रेषेत येऊन बसले, आणि ती रेषा तिला नको होती. जांभळा निकाल लागला असता तर नानिंगकाकांनी शब्द मागे घेतला असता, आणि मुलीने, जिला सीमननी स्वतः शिकायला पाठवलं होतं, पुढचा प्रश्न विचारला असता: मग बाबा, तुमचा पांढरा मोडलाय कुठे? शेजाऱ्याचा चोर ठरणं त्यांना परवडणारं होतं, मुलीचा नाही. त्या चोरीला निदान शेजारी म्हणून तीस वर्षांची सोबत होती.

अर्ज मार्चअखेर जाणार होता. तिची पदवीची शेवटची परीक्षा मे महिन्यात होती. एकदा वाण बाजारात आला की कोणीतरी, कुठेतरी, तेच चार संकर करणार होतं, आणि वहीतल्या त्या एका सहीपाशी येऊन थांबणार होतं. पण मनातल्या मनात ती परीक्षेपर्यंत पोहोचतच नव्हती. ती पुन्हा पुन्हा त्या डिसेंबरातल्या दिवाणखान्यात येऊन थांबत होती, जिथे ती वर झोपायला गेली आहे आणि खुर्चीच्या पाठीला तिची पिशवी लटकते आहे.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ती गावी आली. सीमन काचघरात नव्या रोपांची लागण करत होते. लाकडी काडीने भोक, रोप, अंगठ्याने दाब. भोक, रोप, दाब. मान वर न करता ते म्हणाले, "आलीस? चुलीवर वाटाण्याचं सूप आहे. नानिंगनं सॉसेज पाठवलंय. जिंकल्यापासून दानशूर झालाय."

आफ्येने डब्यातून एक झालरीचं जांभळं फूल काढून फळीवर ठेवलं.

"छान रंग आहे. कोणाचा?"

"नानिंगकाकांच्या पांढऱ्याचा आणि तुमच्या पांढऱ्याचा."

भोक, रोप. दाब द्यायला अंगठा थोडा उशिरा आला.

"बघ," ते म्हणाले. "म्हणजे मी चोर नाही."

"नानिंगकाकांचा नाही."

"विद्यापीठात असं तोडून बोलायला शिकवतात की हे तू आईकडून घेतलंस?"

"तुम्हाला ऑगस्टमध्येच कळलं होतं, बाबा. रोपांचे देठ जांभळे दिसले असतील. पांढऱ्याच्या रोपाचे देठ हिरवेच राहतात, हे तुम्हीच मला शिकवलंत, मी सात वर्षांची असताना. तुम्ही ती उपटलीत आणि आपल्याच पांढऱ्याची रोपं त्यात लावलीत. माझ्या लेबलाखाली."

"काय बिघडलं त्यात?" आवाज चढला नव्हता, उलट तो फार समजूतदार होता, आणि आफ्येला त्याचीच भीती वाटली. "म्हातारा खूश आहे. दोन महिन्यांनी ऑपरेशन होऊन त्याचे डोळे उघडायचेत, त्याआधी त्याला काहीतरी बरं दिसलं. माझं नाव आहेच कागदावर, दुसरं. गाव गप्प झालं. सगळ्यांचं भागलं की नाही?"

तिने डब्यातून दुसरं फूल काढलं. सरळ कडेचं, पांढरं. ते तिने जांभळ्यापासून दूर ठेवलं.

"हेही तुमच्याच पांढऱ्याचं पोर आहे. आई आमच्या कपाटातली आहे. चौथी."

सीमन त्या फुलाकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं फुलांकडे पाहणारा माणूस पाकळीची जाडी बघतो, नळीची लांबी, देठाचा कोन. त्यांनी यांतलं काहीच पाहिलं नाही. नुसतं पाहिलं.

"एकच जागा दोनदा मोडू शकते," आफ्ये म्हणाली. हे वाक्य तिने आगगाडीत कितीदा तरी मनात घोळवलं होतं. "निसर्गात होतं असं. क्वचित, पण होतं. तुमच्या काचघरात, तुमच्या रोपात, आपोआप. संकराला एवढंच कळतं की कुठे मोडलंय. कोणी आणलं ते त्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे."

काचेवर दव गोळा होऊन एक ओघळ खाली आला.

"म्हणून मी विचारणार आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी मानेन. खरंच मानेन. बाईंना तेच सांगेन, नानिंगकाकांना तेच सांगेन, आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. फक्त नाही म्हणायचं, बाबा. एवढंच. माझ्या पिशवीतलं पाकीट तुम्ही उघडलं होतंत का?"

सीमननी काडी फळीवर आडवी ठेवली. बोटांवरची माती त्यांनी एकेक बोट करून पुसली, अंगठा शेवटी. एक क्षण असं वाटलं की ते तिच्या खांद्यावर हात ठेवतील. हात तेवढा वर आलाही, आणि वाटेतच वळून टोपीकडे गेला. लावायची राहिलेली रोपं ट्रेमध्ये उघड्या मुळांनी पडून होती. ते त्यांच्याजवळून गेले, ओळींच्या मधल्या वाटेने, सावकाश, लाकडी बुटांचा आवाज करत, आणि त्यांनी दार उघडलं. पाण्यावरचा बोचरा वारा आत शिरला, आणि सगळी कोवळी पानं एकदम उलटी झाली.

दार उघडंच टाकून ते बांधाच्या दिशेने चालत गेले.